प्रति: ड्रोनयुद्ध २०२० पासूनचं?

"ड्रोनने लढाईचं गणित बदललं ते २०२० च्या नागोर्नो-काराबाखमध्ये" (म्हणजे आर्मेनिया-अझरबैजान युद्धात) हे विधान काही पटलं नाही. क्षेपणास्त्रं डागणारं अमेरिकी ड्रोन प्रीडेटर २००१ मध्येच अफगाणिस्तानात होतं. आणि नुसत्या टेहळणीचं म्हणाल, तर इस्राएलने १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यातल्या सीरियन क्षेपणास्त्र तळांवर मानवरहित विमानं फिरवली होती.

अमेरिकेने तिथूनच धडा घेतला आणि इस्राएली बनावटीवरून पायोनियर नावाचं टेहळणीचं मानवरहित विमान आणलं. १९९१ च्या आखाती युद्धात ते मिसूरी आणि विस्कॉन्सिन या जुन्या युद्धनौकांवर होतं. रॉकेटचा धक्का देऊन डेकवरून उडवायचं, परत आलं की उभ्या जाळ्यात अडकवायचं. उतरणं कसलं, झेलच तो! वर टू-स्ट्रोक इंजिनाची फटफट. मुख्य काम म्हणजे १६ इंची तोफांना लक्ष्य दाखवणं आणि गोळा कुठे पडला ते सांगणं. इराकी सैनिकांना हे पक्कं समजलं होतं, डोक्यावर फटफट आली की मागोमाग गोळे. त्यामुळे कुवेतच्या फैलाका बेटावर विस्कॉन्सिनचं पायोनियर अगदी खालून उडत आलं, तेव्हा तिथले इराकी सैनिक बाहेर येऊन त्याच्याकडे बघत पांढरी फडकी हलवायला लागले. विमानावर साधी बंदूकही नव्हती, होता फक्त कॅमेरा. पुढे एक पायोनियर अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात ठेवलं गेलं.