सरावानंतर ताशावाल्यांच्याच कानात जास्त का वाजतं?

पंचवटीकर:
पथकांचा सराव संपला की ताशावाली मुलं म्हणतात, रात्रभर कानात कुंईं वाजतं आणि सकाळी थांबतं. ढोलवाल्यांची तक्रार कमी. छातीवर तर ढोलच जास्त आदळतो, मग असं का? पडद्याला इजा होते का? आणि कापूस घातला तर चालेल का?

श्रवणतज्ज्ञ_नाशिकरोड:
पडदा बहुधा शाबूत असतो, मार बसतो आतल्या कानाला.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीव्र स्वरांना घुमते, त्यामुळे ताशाचा कडकडाट पडद्यापर्यंत पोचेतो आणखी वाढतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं. पडदा सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीचा तळ जेमतेम ३, त्यामुळे आतल्या द्रवावर दाब वीसेक पटीने पडतो. एरवी हेच वरदान आहे, नाहीतर हवेतली कंपनं द्रवात उतरलीच नसती.

मोठ्या आवाजाला रिकिबीचा बारीक स्नायू आवळतो आणि हाडांना लगाम घालतो. पण तो मुख्यतः खर्जाला अडवतो, म्हणजे ढोलाला. शिवाय आवळायला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागू शकतो, तेवढ्यात ताशाची काडी पडून गेलेली असते.

पुढे त्याच द्रवाने भरलेली, शंखासारखी वेटोळी घेतलेली आतल्या कानातली कॉक्लिया. तिच्या तोंडाशी तीव्र स्वर, टोकाशी खर्ज. मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या तोंडाजवळच्या, ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी. एका कानात केसपेशी सगळ्या मिळून जेमतेम पंधरा हजार, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. सकाळी कान मोकळा झाला म्हणजे सगळं भरून आलं, असं समजू नका.

सातपूर_सेफ्टी:
कापसाचा उपयोग नाही, त्याने जेमतेम काही डेसिबल कमी होतात. फोमचे प्लग घ्या. बोटांनी वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने दाबून धरा. बहुतेक जण कान ओढतच नाहीत, मग प्लग तोंडाशीच लटकतो आणि पाकिटावर छापलेल्या डेसिबलच्या निम्माही उपयोग होत नाही. इशारे ऐकू यायला हवेत तर वादकांचे फिल्टरवाले प्लग मिळतात.

कान जपायला सुचवला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला फक्त १५ मिनिटं! मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. मेनरोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर तेवढे उतरत नाहीत, आवाज भिंतींवरून परत येतो.

पंचवटीकर:
तपासणी कधी करावी?

श्रवणतज्ज्ञ_नाशिकरोड:
हंगामाआधी एकदा, नंतर एकदा. आधी निदान १४ तास कान शांत ठेवा, नाहीतर तात्पुरता बधिरपणाच मोजला जाईल. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झ आवर्जून मागा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मिरवणूक संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. अशा वेळी औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेलं बरं.