कादंबरी एक, वाचणारे दोघं: तुमचे अनुभव

जुनीवही
काल संध्याकाळी मुलगी खोलीत फोनवर तावातावाने भांडत होती. "तू सारखी तिचीच बाजू का घेतेस? तिने काय कमी छळलंय त्याला?" माझ्या पोटात गोळा. दारात जाऊन उभी राहिले तर म्हणते, "आई, जा ना, ययाति चाललंय." वर्गातल्या मैत्रिणीशी देवयानीवरून जुंपली होती. पाऊण तास!

मला एकदम सेकंड इयर आठवलं. आम्हाला 'रणांगण' होतं. एवढीशी कादंबरी, एका बैठकीत संपवली आणि बाकावरच्या शेजारणीला सांगून टाकलं की बोटीवरची प्रेमकथा आहे, शेवट वाईट आहे, मी रडले. ती म्हणाली, "चक्रधर मुंबईला उतरतो तिथे काय वाटलं तुला?" म्हटलं, ताटातूट झाली, वाईट वाटलं. "अगं, तो उतरतो कारण त्याला उतरता येतं. हॅर्टाने कुठे उतरायचं?"

मी गप्प. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू त्या बोटीवर आहेत हे वाचलं होतंच की. पण माझ्या लेखी तो मागचा पडदा होता, पुढे प्रेम. तिने पडदाच पुढे ओढला. आणि पुस्तक 1939चं, म्हणजे लिहिणाऱ्याला तरी पुढचं सगळं कुठे ठाऊक होतं! त्या रात्री पहिल्यापासून परत वाचलं. ह्या खेपेला रडू नाही आलं, चक्रधरचा राग आला. तिला मात्र त्याची कीव यायची, आधीच्या प्रेमभंगाने पोळलेला म्हणून. यावरून वर्षभर वाजत राहिलं आमचं.

तुमचं झालंय असं कुणाबरोबर? लिहा.

रिकामटेकडा
आमची चर्चा वेगळ्या प्रकारची. मी पुस्तक वाचलेलंच नव्हतं :) परीक्षेच्या आदल्या दिवशी मित्राने चालता चालता सगळी कादंबरी सांगितली, वर स्वतःची मतंही दिली. मी ती जशीच्या तशी उतरवली, त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. पुढे नोकरीला लागल्यावर खरंच वाचली, तर शेवट भलताच! जाब विचारला तेव्हा कबूल झाला की शेवटची तीस पानं त्यानेही वाचली नव्हती, अंदाजाने सांगितली होती. खरं सांगू, त्याचा शेवट जास्त पटण्यासारखा होता.

अबोली२
रिकामटेकडा, कहर 😂
जुनीवही, मुलीला सांग, आम्हीही तेच केलंय. ययातिमध्ये तिघं आपापली कहाणी सांगतात ना, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. आम्ही दोघी वाटून घ्यायचो, मी शर्मिष्ठा, ती देवयानी, आणि वकिली करायचो. एक दिवस तिला कंटाळा आला, म्हणाली आता उलट. देवयानीची बाजू घ्यायची म्हणून मी तिचा भाग परत काढला आणि काय सांगू, अर्ध्या गोष्टी मी शर्मिष्ठेच्या तोंडून ऐकून देवयानीवर लावल्या होत्या. मी ठरवून टाकलेली खाष्ट बाई आत कुठेच सापडेना. म्हणजे गर्विष्ठ आहेच ती, पण तिला दिसतंय ते वेगळंच आहे. मग कचाकडे गाडी वळली. त्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याला मात्र स्वतःचं निवेदन नाही. का नसेल? त्यावर अजून एकमत नाही. मशीन लावलंय कपड्यांचं, नंतर येते.

सुमी_आत्या
ययाति आता कुठल्या वर्षाला आहे? भाचीला विचारायचंय. आणि मोठ्या टाइपातली प्रत मिळते का, चष्म्याचा नंबर वाढलाय.

जुनीवही
आत्या, अभ्यासाला नाहीये, हौसेने वाचतायत दोघी. टाइपाचं बघून सांगते.

अर्धविराम
होस्टेलवर दोघांत मिळून 'कोसला'ची एकच प्रत, लायब्ररीची. रूममेट वर्गातलाच. तो रात्री वाचायचा, मी दुपारी. खुणेला दोघांची दोन बसची तिकिटं. त्याचं कायम पुढे. मी वाचताना खो खो हसायचो, मेसची सेक्रेटरीगिरी वगैरे. त्याला ते आवडेना. एकदा म्हणाला, "मनीपर्यंत पोच, मग हस."

दोन दिवस त्याचं तिकीट हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी पोचलो, तर ते त्याच पानांत. मनी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंगची धाकटी बहीण, गेली तिथे. मीही पुस्तक मिटलं.

रात्री गच्चीवर पहिल्यांदा नीट बोललो. तो म्हणे, पांडुरंग 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' कुठे कुठे लावतो बघ, जिथे सांगवत नाही तिथेच लावतो. पटलं नाही. पेन्सिल घेऊन बसलो दोघं (लायब्ररीवाल्यांनो माफ करा). काही ठिकाणी त्याचं बरोबर निघालं, काही ठिकाणी नुसती बोलायची खोड निघाली. पण त्यानंतर सुरुवातीची पानं उघडली की तेच विनोद जरा दचकवायचे. माणूस आधीच सगळं सोसून बसलाय आणि मग सांगायला लागलाय, हे मला एकट्याला कधी सुचलं नसतं.

त्याला धाकटी बहीण होती का, हे मी विचारलं नाही.

अबोली२
अर्धविराम 🙏 शेवटची ओळ.

एकलकोंडा
मी विरोधी पक्षात. माझ्या वर्गात एक विद्वान होता, त्याला सगळीकडे प्रतीकं दिसायची. खिडकी प्रतीक, पाऊस प्रतीक, पात्राला खोकला झाला तर तोही. त्याच्याशी अर्धा तास बोललं की कादंबरीचा चोथा. मी तेव्हापासून पुस्तक संपेपर्यंत कुणाशी बोलत नाही.

रिकामटेकडा
तुम्हीच प्रतीक आहात :)

एकलकोंडा
कशाचं ते सांगा आता.

रिकामटेकडा
तीस पानं वाचून सांगतो.

उशिराची_पाटी
मी सेहेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बीए केलं. शेजारी बसायचा तो मुलगा बावीसचा, मला काकू म्हणायचा. 'बनगरवाडी' दोघांनी एकाच आठवड्यात वाचली. मी म्हटलं, कारभारी काय माणूस आहे! बघता बघता मास्तर गावाचा होतो. तो म्हणाला, "काकू, मला तर पूर्ण वेळ मास्तरची भीती वाटत होती." भीती कसली? तर कोवळं पोर, पहिली नोकरी, ओळख ना पाळख, शाळेत मुलं येतील की नाही, लोक ऐकतील की नाही. तालीम बांधायचं मनावर घेतो तेव्हा म्हणे छातीत धडधडत होतं, आता हा फसणार. मी ते सगळं कौतुकाने वाचलं होतं, घरातलं पोर शहाणं निघाल्यासारखं. तो स्वतः मास्तर होऊन वाचत होता. शेवटी दुष्काळात गाव रिकामं होतं, तिथे मात्र दोघंही सारखेच गप्प झालो. तो आता खरंच मास्तर आहे. मेसेज येतात, "आज पट सात."

सुमी_आत्या
पट सात! आमच्या शाळेत वर्गात साठ असायचे. बाकी छान लिहिलंय हो.

अबोली२
आले परत. माझी मृत्युंजयची प्रत पण एका वर्गमैत्रिणीकडे गेली ती गेलीच. चर्चेसाठी म्हणून नेलेली पुस्तकं परत का येत नाहीत, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

जुनीवही
अबोली, त्याच दुखण्यावर बोट ठेवलंस. मुलीने हे सगळं वाचलं आणि 'रणांगण' मागतेय. शोधशोध शोधलं, मग आठवलं, ते शेजारणीकडेच राहिलं. एवढ्या वर्षांनी आत्ता तिला मेसेज टाकला. उत्तर आलं: "आहे माझ्याकडे, पण देणार नाही. तुझ्या लेकीला इकडेच पाठव. तुझ्यासारखी चक्रधरवर चिडणारी नको घरात दुसरी."