कॅसलरॉक–कुळे घाटाची मीटरगेज प्रतिकृती : रूळ आणि चढ

प्रश्न (खानापूर) : १८८८ साली सुरू झालेल्या कॅसलरॉक–कुळे घाटमार्गाची मीटरगेज काळातील प्रतिकृती घरी दहा फुटी भिंतीलगत उभारायची आहे. एच.ओ. प्रमाण घेतल्यास रूळ कोणते वापरावेत आणि मूळ चढ तसाच ठेवता येईल का?

उत्तर (बेळगाव) : एच.ओ. म्हणजे १:८७. त्या हिशेबाने एक मीटरचे अंतर साडेअकरा मिलिमीटर भरते, म्हणून १२ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत. नेहमीच्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर डबे कितीही सुबक असले तरी गाडी ब्रॉडगेजचीच वाटते आणि जाणकाराला ते लगेच खटकते. घाटाचा चढ ३७ ला १ असल्याने दहा सेंटिमीटर उंची गाठण्यास ३७० सेंटिमीटर लांबी लागेल. भिंत अपुरी पडते, तेव्हा कोपऱ्यातून वळण घेऊन शेजारच्या भिंतीवर जावे. चढ मात्र वाढवू नये, कारण हलके इंजिन वळणावर घसरते.

उत्तर (लोंढा) : दूधसागर सर्वांनाच हवा असतो, पण तो एका टोकाला ठेवल्यास बोगद्यांना जागा उरते. आपल्याकडच्या पावसात साधे प्लायवूड फुगते. मरीन प्लाय घेऊन त्याच्या कडांनाही व्हार्निश द्यावे.

प्रश्नकर्ता : शेजारच्या भिंतीत खिडकी आहे. तिच्यासमोर उचलून काढता येणारी फळी बसवली, तर रुळांचे सांधे जुळतील का?

उत्तर (बेळगाव) : जुळतील; मात्र सांधा वळणावर न ठेवता सरळ भागात ठेवावा.