अनुभव धागा : मन हातातून सुटू लागले तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे गेलात का?

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वयोमानामुळे दवाखाना बंद करण्याचे ठरवले आहे, हे परवा कळले आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची त्यांची एक भेट आठवली. त्या काळाविषयी मी कधी लिहिलेले नाही.

पोट बिघडल्याची तक्रार घेऊन मी गेलो होतो. खरी अवस्था अशी होती की पहाटे तीनलाच जाग येई, साधे पत्र वाचतानाही अक्षरे डोक्यात शिरत नसत आणि आपण नसलो तर घरच्यांचे बरेच होईल, हा विचार दिवसातून कितीदा तरी येऊन जाई. यातले काहीही बोलण्याची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांनी पोट तपासले, वजन केले, जुना केसपेपर काढून मागच्या वजनाशी ताडून पाहिले आणि पेन खाली ठेवून विचारले, “पोटाचे पाहूच. झोप कशी आहे?” मी “ठीक आहे” म्हणालो. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग त्याच स्वरात त्यांनी विचारले, “जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?”

असा प्रश्न विचारला तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार भरतो, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही, आणि मला तर कोणीतरी विचारले यानेच रडू फुटले. विचार नुसता येतो की काही ठरवलेही आहे, घरी सोबतीला कोण असते, हे त्यांनी एकेक करून विचारले. माझ्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. घरी कोणाला सांगायचे हे मात्र मलाच ठरवू दिले. मी बहिणीचे नाव सांगितले, आणि ती येईपर्यंत मला बाहेरच्या बाकावर एकटे न सोडता त्यांनी कंपाउंडरांजवळ आत बसवून ठेवले. “परवा पुन्हा या, औषधाचे काम नसले तरी या,” असे ते निघताना म्हणाले.

तुम्हाला असे डॉक्टर भेटले का? न भेटलेल्यांनीही लिहावे.

रातराणी
माझा ईसीजी नॉर्मल आला तेव्हा मला आनंदाऐवजी रागच आला, कारण छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि आता आपण मरणार ही खात्री, हे सगळे खोटे ठरल्यासारखे वाटले. डॉक्टरांचे वाक्य मला जसेच्या तसे आठवते : “रिपोर्ट नॉर्मल आहे याचा अर्थ तुम्हाला त्रास होत नाही असा नव्हे.” पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिखरावर पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो, हे त्यांनी कागदावर चढउताराची रेघ काढून दाखवले. मात्र त्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतले. थायरॉइड जास्त काम करू लागले तर धडधड आणि घबराट होते, कमी पडले तर मरगळ आणि उदासी येते, त्यामुळे “सगळे मनाचे आहे” हा निष्कर्ष तपासणीच्या आधी काढणाऱ्यांपासून सावध राहावे. माझ्या मावशीला कितीतरी दिवस असेच ‘मनाचे आहे’ म्हणून ठेवले होते आणि शेवटी थायरॉइडच निघाले. पण तो विषय वेगळा.

जुना वाचक
मला ‘न भेटलेल्यांमध्ये’ धरावे. माझे बोलणे अर्धे ऐकून, “फार विचार करू नका, फिरायला जा,” असे सांगून डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि पुढे प्रत्येक वेळी तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवली. झोप लागत होती, म्हणून कोणाला काही वावगे वाटले नाही. आतली उदासी जागच्या जागी राहिली आणि गोळीशिवाय डोळा लागेनासा झाला. या जातीच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्याच द्यायच्या असतात, त्यांची सवय लागते आणि त्या एकदम थांबवणे धोक्याचे ठरू शकते, हे मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्यांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत आणली आणि मूळ आजारावर उपचार सुरू केले. पहिल्या डॉक्टरांना दयामाया नव्हती असे मी म्हणणार नाही. ते प्रेमळच होते, पण त्यांना प्रश्न विचारायचे नव्हते.

गोगलगाय
@जुना वाचक, “टेन्शन घेऊ नका” हे वाक्य काही ठिकाणी केसपेपरवर छापूनच घ्यावे, म्हणजे तेवढा तरी वेळ वाचेल. विनोद सोडा, तुम्ही त्यातून बाहेर आलात हे वाचून फार बरे वाटले.

दुपारची वेळ
बाळ झोपले आहे तोवर लिहिते. लसीकरणासाठी गेलो होतो, सासूबाई सोबत होत्या आणि त्यांच्यासमोर मी एक अक्षर बोलू शकत नव्हते. डॉक्टरांच्या ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी बाळाला बाहेर सिस्टरांकडे वजनाला नेण्याची विनंती सासूबाईंनाच केली आणि दार लोटून घेतल्यावर म्हणाल्या, “बाळाचे झाले, आता तुमचे सांगा.” मला बोलता येईना. त्यांनी माझ्यापुढे दहा प्रश्नांचा एक कागद सरकवला. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली ही एडिनबरो प्रश्नावली आहे, हे मला नंतर समजले. शेवटच्या प्रश्नात स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, असे विचारलेले असते. तिथे मी खूण केली आणि माझे हात थरथरू लागले. तुम्ही वाईट आई आहात असा याचा अर्थ मुळीच होत नाही, हा बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होणारा आणि बरा होणारा आजार आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत, हेही तेव्हाच कळले. मग सासूबाईंना आत बोलावून, “हिला रात्री सलग झोप मिळायलाच हवी, रात्रीचे एक दूध तुम्ही सांभाळा,” असे त्यांनी औषधासारखे लिहून दिले. लेखी असल्यामुळे ते पाळले गेले!

निनावी
माझे डॉक्टर तेच वडिलांचेही डॉक्टर आणि वडिलांचे मित्र. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो आणि खुर्चीत बसण्याआधीच विचारले की हे घरी कळेल का. ते म्हणाले, “तुझ्या परवानगीशिवाय नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तरच मी कोणाला तरी सांगेन आणि तेही आधी तुला सांगून.” त्यांनी शब्द पाळला. इतक्या जवळच्या डॉक्टरांकडे जाणे सगळ्यांना जमेल असे नाही, आणि न जमल्यास अनोळखी डॉक्टरांकडे जाण्यात काहीच गैर नाही, असे माझे मत आहे.

मी स्वतः जनरल प्रॅक्टिशनर आहे
टेबलाच्या या बाजूने थोडे लिहिते. बाहेर रांग असते आणि रुग्ण डोकेदुखी, अंगदुखी, ॲसिडिटी असे सांगत येतो. खरी गोष्ट अनेकदा तो उठून दाराच्या कडीला हात घातल्यावर बाहेर पडते. म्हणून शक्य असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून आणा आणि गर्दी ओसरतानाची वेळ मागून घ्या. नैराश्य किती आहे हे पाहण्यासाठी मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असलेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आम्ही वापरतो. तिचे गुण २७ पर्यंत जातात आणि साधारण १० पासून पुढे आम्ही नीट लक्ष घालतो. तरी नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर एकूण गुण कमी असले तरी मी स्वतंत्रपणे पाहते.

औषधांबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहूनही अधिक. पहिल्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, यावर विशेष नजर ठेवावी लागते. म्हणूनच मी गोळ्या थोड्याच देते आणि लवकर परत बोलावते. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता भलताच उत्साह, खर्च, बडबड असा काळ गेला होता का, हेही सांगा. तसा इतिहास असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये, हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी बंद करून येते.

मायकेल बालिंट नावाच्या मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे चर्चागट चालवले होते. डॉक्टर स्वतःच एक औषध असतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्या औषधाची मात्रा किती द्यावी हे कोठेही लिहिलेले नाही, अशी त्यांची तक्रारही होती. रांगेकडे पाहत बसलेल्या मला ती तक्रार पूर्ण पटते.

धागाकर्ता
@जनरल प्रॅक्टिशनर, मनापासून आभार. एक भर घालतो : कोणी जीव देण्याचे ठरवूनच बसले असेल, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि धोकादायक वस्तू हाताबाहेर ठेवाव्यात आणि सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.

तिसरा मजला
पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाला घेऊन जायचे आहे. तो कसाबसा तयार झाला आहे. मी त्याच्यासोबत आत जावे की बाहेर थांबावे?

निनावी
@तिसरा मजला, त्यालाच विचारा. मला विचारले असते तर मी सांगितले असते की आधी एकट्याला जाऊ दे, शेवटची पाच मिनिटे आत ये, कारण डॉक्टर काय म्हणाले यातले निम्मे मला बाहेर आल्यावर आठवत नव्हते.

दुपारची वेळ
आणि त्याची चालू असलेली सगळी औषधे, अगदी सर्दीचीसुद्धा, पिशवीत घालून न्या. बाळ उठले, जाते.