दाढ काढल्यावर पहिला आठवडा: अ‍ॅस्पिरिन, गुळण्या आणि ठणका यांबद्दल नेमकी माहिती हवी आहे

शंका_विचारतो

आईची (वय ६४) खालची डावी दुसरी दाढ परवा सकाळी काढायची आहे. दाढ किडून अर्धी तुटली आहे, मुळं शाबूत आहेत. आईला मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम. हातात दिलेल्या कागदावर एवढंच लिहिलंय: बोळा अर्धा तास दाबून धरा, थुंकू नका, थंड खा.

तीन गोष्टी कळत नाहीत. अ‍ॅस्पिरिन आधी थांबवायची का? गुळण्या त्याच दिवशी करायच्या की दुसऱ्या? आणि नंतर दुखलं तर ते नेहमीचं दुखणं की काही बिघडलंय, हे घरी कसं ओळखायचं?

मुखशल्य_७

अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका. एक दाढ काढताना होणारा रक्तस्राव बाहेरून दाब देऊन, एखादा टाका घालून किंवा खळग्यात विरघळणारा जिलेटिनचा स्पंज ठेवून थांबवता येतो. गोळी थांबवल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर मात्र ते घरी निस्तरण्यासारखं नसतं. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र चालू असतील तर रक्त थांबायला वेळ लागतो, पण त्या थांबवायच्या की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) असेल तर दाढ काढण्याआधी २४ तासांच्या आत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, तपासून रिपोर्ट सोबत न्यायचा.

मधुमेहाचं म्हणाल तर जागेवरची भूल असेल तेव्हा उपाशी जायचं नसतं. नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन सकाळची वेळ घ्या. खरी काळजी नंतरची आहे. तोंड दुखतंय म्हणून जेवण टळतं, गोळी मात्र ठरल्या वेळी घेतली जाते आणि साखर उतरते. मऊ, पातळ काहीतरी पोटात जाईल याची सोय आधीच करून ठेवा, आणि त्या दिवशी साखर एकदा जास्त तपासा.

एक गोष्ट आईंना मुद्दाम विचारा: हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा मिळणारं इंजेक्शन कधी घेतलंय का? रोजचं औषध नसल्याने पेशंट ते यादीत सांगतच नाहीत. अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घेतलेलं असेल तर जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो, आणि दाढ कशी काढायची याचा विचार बदलतो. हे खुर्चीत बसायच्या आधी कळायला हवं.

हिरडी_रक्षक

बोळ्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

कापूस नको, गॉज (जाळीदार सुती पट्टी) वापरा. कापसाचे तंतू खळग्यात जमणाऱ्या रक्ताच्या गुठळीत अडकतात आणि बोळा काढताना गुठळीच ओढली जाते. गॉजची घडी इतकी जाड हवी की दात मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकणार नाहीत. ती बरोबर खळग्यावर बसवायची. शेजारच्या दातावर बसली तर माणूस जोर लावून चावत राहतो, पण दाब जखमेपर्यंत पोहोचतच नाही. घड्याळ लावून ४५ मिनिटं, आणि मध्ये उघडून बघायचं नाही. दर पाच मिनिटांनी बघितलं की जमू लागलेलं रक्त दर वेळी निघतं. काढताना गॉज कोरडं वाटलं तर पाण्याच्या दोन थेंबांनी ओलं करून हलकेच एका बाजूने सोडवा.

पुन्हा रक्त आलं तर नवी घडी ओली करून, पिळून, आणखी ३० मिनिटं. गॉज संपलं असेल तर भिजवून गार केलेली चहाची पिशवी चालते, चहातल्या टॅनिनमुळे रक्त आवळायला मदत होते. अशा दोन फेऱ्या नीट करूनही तोंड रक्ताने भरत असेल तर दवाखाना गाठा. लाळ पहिल्या दिवशी गुलाबीसर दिसणारच. थोडंसं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की फार वाटतं.

आता गुळण्या. पहिले २४ तास गुळण्या नाहीत, चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. या सगळ्यात तोंडात ओढ तयार होते आणि खळग्यातली गुठळी सैल होते. लाळ गिळायची किंवा मान वाकवून ओघळू द्यायची. २४ तासांनंतर एक ग्लास (साधारण २५० मिलिलिटर) कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, मुख्यतः खाल्ल्यावर. खळखळवायचं नाही. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करून अर्धा मिनिट धरा आणि तोंड उघडून सोडून द्या.

पहिल्या दिवशी गालाला बाहेरून कपड्यात गुंडाळलेला बर्फ, १५ मिनिटं लावून १५ मिनिटं विश्रांती. शेक नको. रात्री दोन उशा. घासायचं थांबवू नका, मऊ ब्रशने बाकीचे दात घासा, फक्त जखमेजवळ जाऊ नका. तंबाखू कोणत्याही रूपात किमान ७२ तास बंद, जितकं जास्त लांबवाल तितकं चांगलं.

औषध_मात्रा

वेदनेच्या गोळीची पहिली मात्रा भूल उतरायच्या आधी घ्यायची असते. खालच्या जबड्याची भूल साधारण दोन ते चार तास राहते. ठणका सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ती लागू पडेपर्यंतचा वेळ फार त्रासाचा जातो.

आईंसाठी पॅरासिटामॉलच योग्य: ५०० ते १००० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर नको. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. एरवी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ही जोडी दाढेच्या दुखण्यावर फार चांगली चालते. पण आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या गुठळी रोखण्याच्या कामात आड येऊ शकतं, शिवाय या वयात मूत्रपिंड आणि पोट यांचाही विचार करावा लागतो. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणं पूर्ण चूक, तिथली त्वचा भाजून पांढरी पडते. लवंगेचं तेलही ताज्या जखमेत सोडू नका.

शंका_विचारतो

सर्वांचे आभार. दाढ निघाली, एक टाका आहे. आज तिसरा दिवस. गाल कालपेक्षा थोडा जास्त सुजलाय, तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं. खळग्यात पांढरट-पिवळं काहीतरी दिसतंय. हा पू आहे का? ते काढून टाकायचं का?

मुखशल्य_७

काढू नका, हातही लावू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी गुठळीवर पांढरट-पिवळसर थर येतो. तो फायब्रिनचा, म्हणजे भरून येणाऱ्या जखमेचाच भाग आहे. कापसाने पुसला तर जखम पुन्हा उघडते. पू असेल तर दाबल्यावर वाहतो, चव घाण लागते, आणि बहुतेक वेळा सूज व ताप सोबत असतो.

सूज ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते, मग उतरायला लागते. तोंड कमी उघडणं हे सुई आणि ओढाताणीमुळे स्नायू आखडल्याने होतं. आता बर्फ बंद करून बाहेरून कोमट शेक द्या आणि दिवसातून पाच-सहा वेळा, दुखेल न दुखेल इतपत, तोंड हळूहळू उघडा.

बिघाड ओळखायचा तो दुखण्याच्या चालीवरून. नेहमीचं दुखणं रोज थोडं कमी होत जातं. ड्राय सॉकेटमध्ये, म्हणजे गुठळी निघून खळगा उघडा पडतो तेव्हा, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ठणका उलट वाढतो. तो कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, तोंडाला वास येतो. आत बघितलं तर खळगा रिकामा, तळाशी फिकट हाड. सूज किंवा ताप सहसा नसतो. म्हणूनच यात नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. दवाखान्यात खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी हायसं वाटतं. खालच्या दाढा, अवघड काढणी आणि धूम्रपान यांत हे जास्त होतं.

वाट न बघता दाखवायला जायचं ते कधी, तर सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप असेल, किंवा खालचा ओठ वा जीभ अजूनही बधिर असेल. आणि सूज हनुवटीखाली मानेकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

हिरडी_रक्षक

टाक्याबद्दल विचारून घ्या. काळा रेशमी धागा असेल तर साधारण सातव्या दिवशी काढावा लागतो, विरघळणारा आपोआप सुटतो. खळग्यात अन्न अडकलं तर काडीने टोकरू नका, मिठाचं पाणी पुरतं. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे, आतलं हाड भरायला काही महिने.

पुढच्या दोन-चार आठवड्यांत जिभेला टोकदार खडा लागला तर दचकू नका. मुळाचा तुकडा राहिला असं सगळ्यांना वाटतं, पण बहुधा तो हाडाच्या कडेचा कण असतो आणि हळूहळू वर येऊन पडतो. टोचत राहिला तर डॉक्टर तो दोन मिनिटांत काढतात, घरी चिमटा लावू नका.