सूर्य ‘जळतो’ हे पुस्तकांतून काढायला हवं का?

तेजोमय: मुलांच्या पुस्तकांत ‘सूर्य म्हणजे आगीचा धगधगता गोळा’ असं दिसलं की वाईट वाटतं. सगळा सूर्य कोळशाचा असता, तर एवढं तेज देत जेमतेम काही हजार वर्षं टिकला असता. तो सुमारे 460 कोटी वर्षं तळपतोय! गाभ्यात दीड कोटी अंशांना हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून हेलियमचं एक बनतं (हेच संमीलन), त्यात साधारण 0.7 टक्के वस्तुमान कमी होऊन ऊर्जा बनतं. दर सेकंदाला 40 लाख टनांहून जास्त. ‘जळतो’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. काढाच तो शब्द.

शब्दवेडी: अजिबात पटलं नाही. खगोलशास्त्रज्ञ स्वतः या संमीलनाला ‘हायड्रोजन बर्निंग’ म्हणतात. आणि शब्दामुळे अडलं कुणाचं? साध्या ज्वलनाने भागत नाही हे एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञ केल्विनला कळलं होतं. सूर्य आकुंचन पावत तापतो, असं त्याने मांडलं. तरी हिशोब काही कोटी वर्षांपुढे जाईना. तेव्हा अणुकेंद्रकच ठाऊक नव्हतं, खोट तिथे होती.

तेजोमय: शास्त्रज्ञाला दोन्ही अर्थ माहीत असतात, मुलाला एकच. आग म्हटलं की पृष्ठभाग पेटलाय असं वाटतं. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी ऊर्जा केंद्रापासून पाव त्रिज्येच्या आत तयार होते. तिथून ती प्रारणाच्या थरातून, म्हणजे जिथे ऊर्जा प्रकाशाच्या रूपात पुढे जाते तिथून, अडखळत, हजारो वर्षं घेत वर सरकते. शेवटच्या 30 टक्के अंतरात तापलेला वायूच उकळत्या पाण्यासारखा वरखाली होऊन ती वाहून नेतो. साडेपाच हजार अंशांचा पृष्ठभाग स्वतः काहीच निर्माण करत नाही, ती फक्त बाहेर सोडतो.

गाभा: मला ‘सतत फुटणारा हायड्रोजन बॉम्ब’ ही उपमा जास्त खटकते. गाभ्याचा एक घनमीटर 300 वॉटसुद्धा देत नाही. तेवढ्याच आकारमानाला माणसाचं शरीर जास्त उष्णता देतं. एका प्रोटॉनला, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाला, दुसऱ्याशी जुळायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. शिवाय गाभा जास्त तापला तर प्रसरण पावतो, थंडावतो, संमीलन मंदावतं. स्फोटाला असा लगाम नसतो.

शब्दवेडी: 300 वॉटचं माहीत नव्हतं, बॉम्ब काढा. पण ‘जळतो’ राहू द्या आणि लगेच विचारा, ‘कशावर?’ 1920 साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने हायड्रोजनचं हेलियम होत असावं असं सुचवलं, तेही याच प्रश्नापायी.

तेजोमय: प्रश्न म्हणून छापणार असाल तर माझी हरकत नाही. आज ‘जळतो’ हा शब्द उत्तर म्हणून छापलाय.