केंद्रीय कामगार मंत्रालय नक्की करतं काय? मंत्र्यांना टॅग करून पगार सुटतो का?

अडकलेला_पगार
नमस्कार मंडळी. खाजगी कारखान्यात आहे, नाव घेत नाही. गेले काही महिने पगार धड होत नाहीये, कधी अर्धा, कधी 'पुढच्या आठवड्यात बघू'. त्यात परवा पीएफचं पासबुक उघडलं तर स्लिपवर कपात दिसतेय आणि पासबुकात एन्ट्रीच नाही!! मित्र म्हणाला डायरेक्ट केंद्रीय कामगार मंत्र्यांना टॅग कर, एचआर धावत येईल. टॅग केलं, मेल पण टाकला. उत्तर काय आलं तर पगाराचा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतला आहे. आता मला सांगा, दिल्लीत एवढं मोठं मंत्रालय, मंत्री, राज्यमंत्री, सचिव, आणि कामगाराचा पगारच त्यांच्याकडे नाही, मग आहे काय त्यांच्याकडे? नुसतं दीपप्रज्वलन?

फाईलवाला
चिडणं बरोबर आहे पण उत्तर खोटं नाही दिलेलं. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, कायदे केंद्र पण करतं आणि राज्य पण, मात्र ते राबवायचे कुणी हे तुझी आस्थापना कुठली यावरून ठरतं. रेल्वे, बँका, विमा, खाणी, तेलक्षेत्रं, मोठी बंदरं, केंद्राच्या सरकारी कंपन्या हे केंद्राकडे. बाकीचे बहुतेक खाजगी कारखाने, दुकानं, ऑफिसं राज्याच्या कामगार आयुक्तांकडे.
तुझ्या केसमध्ये गंमत अशी आहे की एकाच स्लिपवरच्या दोन ओळी दोन सरकारांकडे जातात. थकलेला पगार म्हणजे सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस, राज्य. पीएफची कपात म्हणजे ईपीएफओ, पीएफ सांभाळणारी संस्था, आणि ती थेट केंद्रीय मंत्रालयाखाली. तर मंत्र्यांना टॅग करायचंच होतं तर पीएफवरून करायला हवं होतं 😄 कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागतात, आणि तुझा हिस्सा कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, नुसता दंडावर भागत नाही. पीएफच्या ग्रीव्हन्स पोर्टलवर आजच टाक.

जुना_बँकवाला
मी बँकेत होतो आणि युनियनचं काम केलं, त्यामुळे हे मंत्रालय जवळून बघितलंय. मंत्री आम्हाला फोटोतच दिसायचे, आमच्यासाठी मंत्रालय म्हणजे प्रादेशिक कामगार आयुक्त, केंद्रीय. एक लांब टेबल, एका बाजूला आम्ही, समोर मॅनेजमेंट, मधे समेट अधिकारी. मॅनेजमेंट मुद्दाम असा माणूस पाठवणार ज्याला पेनाची रिफिल बदलायची पण पॉवर नाही, तो प्रत्येक मुद्द्यावर 'वरिष्ठांना विचारून कळवतो' म्हणणार, ते मिनिट्समध्ये लिहिलं जाणार आणि पुढची तारीख. नाहीच जमलं की फेल्युअर रिपोर्ट दिल्लीला, आणि तिथं मंत्रालय ठरवणार केस लवादाकडे पाठवायची की नाही! म्हणजे भांडण आमचं आणि कोर्टाचं दार उघडायचं की नाही हे ठरवणार डेस्कवरचा अधिकारी. कित्येक प्रकरणं तिथंच मेली. नवीन औद्योगिक संबंध संहितेत ही पायरी काढलीय, समेट फसला की पक्ष स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतात, ते मात्र बरं झालं.
पण त्या टेबलाला कमी लेखू नका. मार्च २०२५ मधला बँकांचा दोन दिवसांचा संप मुख्य कामगार आयुक्तांबरोबरच्या बैठकीनंतरच पुढे ढकलला गेला होता. ऑर्डर काढायची ताकद फारशी नाही, दोघांना एका खोलीत बसवायची ताकद आहे.

सगळं_अर्थखातं
काका सगळं मान्य, पण लीडरशिपचं विचाराल तर हे दुय्यम खातं आहे हो. पीएफचा व्याजदर घ्या. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष कामगार मंत्री, मंडळात मालक पण, युनियन पण, राज्यं पण, सगळे बसून ठरवणार आणि ती नुसती शिफारस, अर्थ मंत्रालयाने हो म्हटल्याशिवाय खात्यात दमडी येत नाही. २०२३-२४ ला ८.२५ टक्के, २०२४-२५ ला पण तेवढंच, दोन्ही वेळा हाच रस्ता. वर आत्ताच्या मंत्र्यांकडे, म्हणजे मांडवियांकडे, क्रीडा खातं पण आहे. आणि भारतीय श्रम परिषद, जिथं सरकार-मालक-कामगार एकत्र बसायचे, ती २०१५ मध्ये झाली त्यानंतर कित्येक वर्षं भरलीच नाही. मधल्या काळात चार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, मात्र पास.

निळी_शाई
दुय्यम खातं वगैरे ठीक आहे पण माणूस कोण बसतो यावर बरंच असतं. १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या कौन्सिलमध्ये हे खातं बाबासाहेबांकडे होतं. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ती १९४६ ची दुरुस्ती त्यांनी मांडलेल्या बिलातून आली. तुम्ही ज्या त्रिपक्षीय परिषदेबद्दल बोलताय तीही १९४२ पासूनची. त्यानंतर व्ही. व्ही. गिरी, स्वतः कामगार चळवळीतले. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लवादाचा निवाडा आला, सरकारने त्यात काटछाट केली, तर १९५४ मध्ये गड्याने सरळ राजीनामा दिला. पुढे राष्ट्रपती झाले ती गोष्ट वेगळी. त्यावेळी अर्थखातं नव्हतं का?

सगळं_अर्थखातं
अहो पण काटछाट झालीच ना शेवटी 😅 माझाच मुद्दा.

जुना_बँकवाला
झाली, पण नंतर आयोग नेमावा लागला आणि निवाड्यातलं बरंचसं परत आलं. आमच्या आधीची पिढी गिरींचं नाव काढल्याशिवाय गेट मीटिंग सुरू करत नसे.

अडकलेला_पगार
वाद छान आहे पण माझा पगार 🙏 त्या चार संहिता लागू झाल्या म्हणतात, त्यात मला काही आहे का?

फाईलवाला
आहे ना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असं आहे, आणि आधीच्या कायद्यातली २४,००० ची मर्यादा गेली, म्हणजे जास्त पगारवाला पण मागू शकतो. नोकरी सोडली तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत. कायदा केंद्राचा असला तरी तुझ्यासाठी तो राबवणार राज्याचाच अधिकारी, त्यामुळे फेरी तिकडेच. अर्ज साधाच लिही, महिनावार किती आले किती राहिले तो तक्ता, बँक स्टेटमेंट, स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर. आवक विभागात दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, 'ठेवून जा, बघतो' म्हणतात. पीएफचा अर्ज यात मिसळू नको, तो वेगळा, नाहीतर हे म्हणतील तिकडे जा आणि ते म्हणतील इकडे.

अडकलेला_पगार
ओके, पीएफची तक्रार टाकली आत्ताच, नंबर आलाय. पगाराचं एकट्याने द्यावं की बाकीच्यांना पण घ्यावं? अजून बरेच जण अडकलेत, पण घाबरतात.

जुना_बँकवाला
जेवढे येतील तेवढे घ्या. सह्या गोल करून घ्या कागदावर, पहिलं नाव कुणाचं ते एचआरला कळत नाही.